गळ्यात एकाखाली एक हार: लेअरिंग जमवायचं कसं?

लग्नसराईत दागिन्यांचा डबा उघडला की ठुशी घालू, तन्मणीही घालू, आजीची मोहनमाळ तर हवीच, असं होतं. सगळं घालून आरशासमोर उभं राहिलं की एकही दागिना धड दिसत नाही. गळ्यापासून छातीपर्यंत नुसतं पिवळं पिवळं. लेअरिंगमध्ये सगळा खेळ मोकळ्या जागेचा आहे. दोन हारांच्या मध्ये थोडा गळा किंवा ब्लाउजचं कापड दिसलं, तरच दोन्ही हार उठून दिसतात. ही जागा अंदाजाने सुटत नाही, मोजावी लागते. आणि मोजायला सुरुवात मंगळसूत्रापासून करायची.

१. आधी मंगळसूत्र मोजा

लेअरिंगच्या बहुतेक टिपा मोकळ्या गळ्यासाठी दिलेल्या असतात. आपल्याकडे मात्र अनेकींच्या गळ्यात एक थर कायमचाच असतो. मंगळसूत्र काढून टेपवर सरळ ठेवा आणि टोकापासून टोकापर्यंत लांबी बघा. काढायचं नसेल तर त्याच्या कडेने दोरा धरा आणि तो मोजा.

रोजचं छोटं मंगळसूत्र साधारण १६ ते १८ इंचांचं असतं. तो तुमचा मधला थर समजा: वर ठुशी, खाली एक लांब हार, बस. मोठं मंगळसूत्र २४ ते ३० इंचांचं असेल तर शेवटचा थर तोच. त्याच्या जोडीला तेवढ्याच लांबीची मोहनमाळ घातली की वाट्या माळेखाली दडतात आणि काळे मणी सोन्यात गुंततात. मंगळसूत्र घालत नसाल तर हा मुद्दा सोडून पुढे जा.

२. लांबीचं गणित

दोन हारांमध्ये दोन बोटं जागा हवी. वरच्या हाराचं पदक जिथे संपतं तिथून ही दोन बोटं धरायची. हार गळ्याच्या दोन्ही बाजूंनी उतरतो, त्यामुळे २ इंच जास्त लांबीचा हार समोर जेमतेम १ इंच खाली येतो. १६ आणि १८ इंचांच्या साखळ्या विकत आणून घातल्या आणि अर्ध्या तासात त्यांचा गुंता झाला, तर कारण हेच. लांबीत किमान ३ ते ४ इंचांचा फरक हवा, आणि वरच्या हाराला पदक असेल तर त्याच्या उंचीची दुप्पट त्यात आणखी मिळवायची.

समजा कोल्हापुरी साज १८ इंचांचा आहे आणि त्याचं मधलं पदक दीड इंचाचं. मग त्याखालचा हार १८ अधिक ३ अधिक ३, म्हणजे २४ इंचांचा तरी हवा.

हार बदलायची गरज क्वचितच पडते. ठुशीच्या मागे सरकती दोरी असते, ती सैल-घट्ट करून इंचभर सहज मिळतो. साखळीला मागे जोडायचा कड्यांचा तुकडा सराफाकडे किंवा इमिटेशनच्या दुकानात मिळतो. मण्यांची माळ असेल तर ओवून देणाऱ्याकडे नेऊन मागची दोरी वाढवून घ्या.

३. मानाचा दागिना एकच

इथेच सगळ्यात जास्त गडबड होते, म्हणून जरा सविस्तर सांगते. कोल्हापुरी साज जवळून बघा. पारंपरिक साजात २१ पानं मानतात: दशावतारांची दहा, अष्टमंगळाची आठ, माणिक-पाचूची दोन आणि एक डोरलं. मासा, कासव, शंख, कमळ अशी प्रत्येक पानाची घडण वेगळी, आणि दोन पानांच्या मध्ये बारीक मणी. एवढं काम असलेल्या दागिन्याशेजारी तेवढ्याच कामाचा लक्ष्मीहार आला की नजर कुठेच ठरत नाही. साज घालायचा तर वर फक्त ठुशी आणि खाली साध्या मण्यांची माळ. मला विचाराल तर ठुशीही नको, साज आणि माळ एवढंच पुरे. पण ठुशीशिवाय नऊवारी अपुरी वाटते असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

साजाची पानं पुष्कळदा आत लाख भरलेली असतात. ती दाबली की चेपतात, म्हणून साजावर दुसरा जड हार रुळू देऊ नका.

४. जोड्या कशा लावायच्या

एक दाट, एक विरळ. एक गोल, एक चपटा. एवढं धरलं तरी चालतं. ठुशीचे दाट गुंफलेले मणी, त्याखाली पुतळीहाराच्या चपट्या चकत्या, मग मोहनमाळ: ही जोडी सहसा चुकत नाही. पुतळीहार आणि लक्ष्मीहार मात्र एकत्र नकोत. दोन्हीकडे गोल चकत्याच, लांबून एकच हार दुमडल्यासारखा दिसतो. बोरमाळ आणि मोहनमाळ यांचंही तसंच, दोन्ही मण्यांच्याच.

मोत्यांमध्ये चिंचपेटी गळ्याशी आणि तन्मणी जरा सैल, खाली. तन्मणीचं खोड, म्हणजे पदक, मधोमध असतं, ते चिंचपेटीला टेकू देऊ नका. या दोन्हीखाली सोन्याची एकच माळ आली तर मोती जास्त खुलतात. वज्रटीक रुंद असते, मागे कापड असतं आणि गळा तिनेच भरतो. तिच्यासोबत थेट लांब हार घाला, मधला थर गाळा.

खरं सोनं आणि एक ग्रॅमचे, म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेले दागिने मिसळायला हरकत नाही, पण ते लागोपाठच्या थरांत नकोत. शेजारी आले की रंगातला फरक लगेच कळतो. मध्ये मोत्यांचा थर टाकला की निभावतं.

५. ब्लाउजचा गळा

खोल चौकोनी गळ्यावर तिन्ही थर छान बसतात. बोटनेक किंवा बंद गळ्यावर ठुशी कापडावरून सरकत राहते, तिथे २० इंचांपुढचे दोनच हार घाला. खणाच्या ब्लाउजवर मुळातच नक्षी असते. सोन्याचं बारीक काम त्यात हरवतं, मोती दिसतात. पैठणीचे काठ आणि पदर भरजरी असतील तर दोन थरांवर थांबा.

६. घालण्याचा क्रम

पदर आधी पिनअप करा. हार आधी घातले तर साजाची पानं जरीत अडकतात आणि धागा ओढला जातो. अंबाडा आणि गजराही नंतर, कारण लांब माळ डोक्यावरून घालावी लागते.

मग वरून खाली या: गळ्याशी बसणारा दागिना पहिला, सगळ्यात लांब शेवटी. बाकीची अंतरं पहिल्यावरूनच ठरतात. ज्यांनी घरी गौरी सजवल्या आहेत त्यांचा हात आपोआप याच क्रमाने चालतो. मागच्या दोऱ्या आणि फासे एकाच जागी येऊ देऊ नका, एकाखाली एक ठेवा, नाहीतर मानेवर गाठोडं होतं आणि समोर हार वर ओढले जातात. मोहनमाळ सारखी एका बाजूला सरकत असेल तर ती मागच्या बाजूने ब्लाउजला रंग जुळणाऱ्या दोऱ्याचा एक सैल टाका घालून धरून ठेवा. सेफ्टी पिनपेक्षा हे बरं.

अत्तर, हेअरस्प्रे, पावडर हे सगळं दागिन्यांच्या आधी. मोत्यांना आणि मुलाम्याला ते सोसत नाही.

कानांचं थोडक्यात: गळ्यात तीन थर असतील तर कानात कुड्या, झुमके नकोत. नथ हवीच असेल तर छोटी.

रोजच्यासाठी

ऑफिसला कुर्त्यावर छोटं मंगळसूत्र आणि त्याखाली २२ ते २४ इंचांची बारीक साखळी, नाजूक पदक असलेली, एवढं पुरतं. ऑक्सिडाइज्ड चांदीचा हार घालायचा असेल तर तो लांबच घ्या, सोन्याच्या वाट्यांपासून दूर राहील असा. ओढणी घेणार असाल तर एकच हार, कारण गाठ पडायला ओढणीची झालर पुरेशी असते.

काढताना

उलट क्रमाने, सगळ्यात लांब हार आधी. प्रत्येक हार मऊ कापडाने पुसून वेगळ्या पिशवीत ठेवा. बारीक साखळ्यांचा फासा ठेवतानाच लावून टाका, उघड्या टोकांचीच गाठ होते. मोत्यांचे हार टांगू नका, ओवलेला दोरा ताणून सैल पडतो. ते डब्यात आडवेच ठेवा.