'अनलिमिटेड' रिचार्ज मारण्याआधी हे विचारा
इंदूरला राजवाड्याजवळ रिचार्ज करायला गेलात की दुकानदाराला आधी एवढंच विचारा, भाऊ रोजचा डेटा किती, कारण बऱ्याच प्लॅनमध्ये अनलिमिटेड असतात ते फक्त कॉल, डेटा दिवसाला १.५ किंवा २ जीबी आणि तो संपला की नेट बंद नाही होत पण स्पीड ६४ केबीपीएसवर येतो, मग मेसेज कसाबसा जातो, फोटो नुसता गोल गोल फिरत बसतो, थेट रात्री १२ पर्यंत. एसएमएसही दिवसाला १००च. ५जी अनलिमिटेड असलं तरी घरात फोन ४जीवर आला की रोजचा कोटा कापला जातो, हे तर कोणी सांगतच नाही! आणि २८ दिवसांचा प्लॅन म्हणजे वर्षाला १३ रिचार्ज. आईबाबांचा रिचार्ज करताना तर नक्की बघा, बिचाऱ्यांना वाटतं फोनच बिघडला.