सात सीटर गाडीची मागची रो कशी तपासायची

सात सीटर घ्यायची म्हटलं की जो तो ब्रोशरमधले आकडे पाठवतो आणि व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) जास्त म्हणजे जागा जास्त असं सांगून मोकळा होतो. तसं नसतं हो. इनोव्हा क्रिस्टा आणि स्कॉर्पिओ-एन, दोन्हींचा व्हीलबेस २७५० मिमी, एर्टिगाचा २७४० म्हणजे जेमतेम १० मिमी कमी, पण तिन्हींच्या मागच्या, म्हणजे तिसऱ्या रोमध्ये बसून बघा, बसणं तीन तऱ्हेचं आहे.

शोरूमला जाताना घरातला सगळ्यात उंच माणूस, आजी-आजोबा आणि मागे बसणारी पोरं, सगळ्यांना घेऊन जा. गावाला नेता त्या बॅगा पण घ्या. जो चालवणार त्याने आधी पुढची सीट स्वतःला जमेल तशी लावून घ्यायची, मग तिला कोणी हात लावायचा नाही.

आता मधली रो, सगळी गोची इथे आहे आणि हे नीट जमायला मलाही बराच वेळ लागला. बऱ्याच गाड्यांत मधली सीट पुढेमागे सरकते, त्यामुळे सेल्समन ती पूर्ण पुढे ढकलतो, तुम्हाला मागे बसवतो आणि म्हणतो बघा सर किती जागा आहे. जागा असतेच, पण ती मधल्या माणसाची काढून दिलेली असते. म्हणून आधी उंच माणसाला मधे बसवा, त्याच्या गुडघ्यापुढे चार बोटं जागा राहील इथवर सीट आणा आणि पाठ लांबच्या प्रवासात तो जितकी रेलतो तितकी रेला, कारण रेललेली पाठही मागच्याच्या गुडघ्यांवर येते. तिथेच लॉक. मागे जाण्यासाठी सीट टंबल केली, म्हणजे दुमडून पुढे उलटवली, तर नंतर परत त्याच जागी आणा, हे लोक हमखास विसरतात आणि मग सगळी तुलना फुकट जाते. प्रत्येक गाडीत हाच उंच माणूस, हीच चार बोटं.

मग मागे बसा, बूट घालूनच. पंजा मधल्या सीटखाली जातो का? मांडी सीटला टेकते का? फ्लोअर उंच आणि सीट खाली असली की गुडघे वर येतात, उकिडवं बसल्यासारखं होतं, आणि नुसतं लेगरूम मोजून हे कळत नाही. चेसिसवरच्या, म्हणजे वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर बांधलेल्या गाड्यांत फ्लोअर उंच असतो, तिथे हे जास्त बघा. दोन मिनिटं बसून 'ठीक आहे' म्हणू नका, अर्धा तास बसा.

टेस्ट ड्राइव्हलाही एकाने मागेच बसायचं. मागची रो जवळजवळ मागच्या चाकांवर येते, स्पीडब्रेकरला डोकं छताला लागतं का ते तेव्हाच समजतं, आणि ज्या पोरांना घाटात उलट्या होतात त्यांना मागे बसवायचंच नाही. एसी दुपारच्या उन्हात तपासा, व्हेंट दिसलं म्हणजे हवा येते असं नाही, हात लावून बघा.

आजी-आजोबा मधल्याच रोत. याबाबतीत मी कोणाचं ऐकत नाही. तुम्ही सहाच जण असाल तर मधल्या रोत कॅप्टन सीट, म्हणजे दोन सुट्या सीट घ्या, मधून मागे जाता येतं, सीट दुमडायची कटकट नाही. सात असाल तर बहुतेक गाड्यांत बेंच, म्हणजे तिघांची सलग सीटच लागणार.

डिक्की सातही सीट उभ्या ठेवूनच बघायची. एर्टिगा २०९ लिटर, किया कॅरेन्स २१६, इनोव्हा हायक्रॉस ३००, रेनो ट्रायबर ८४. ट्रायबरच्या मागच्या सीट काढून ठेवल्या की ६२५ होतात, पण मग ती पाच सीटर झाली ना. सीएनजी एर्टिगात सिलिंडर डिक्कीतच, म्हणजे गणपतीला सगळे मिळून कोकणात जायचं तर कॅरिअर लावायची तयारी ठेवा. आणलेल्या बॅगा लावून दरवाजा बंद होतो का बघा, लिटरच्या हिशोबात बॅगेचा आकार धरलेला नसतो.

तान्हं बाळ असेल तर चाइल्ड सीटही सोबत न्या. ती ज्या सीटवर बांधली ती सीट टंबल होत नाही, म्हणजे मागे जायचा तो रस्ता बंद. डावीकडून चढायचं-उतरायचं असतं, तेव्हा चाइल्ड सीट उजवीकडे बांधा आणि डावी बाजू एकट्याने, एका हाताने टंबल होते का ते घरातल्या सगळ्यात लहान पोराला करायला लावा.