इंदुरात कॉलेज निवडताना काय बघावं

सर्वांत आधी एकच गोष्ट विचारा: पदवी कुणाची मिळणार? इंदुरात घोळ इथेच होतो. ‘देवी अहिल्या’ म्हणजे इथलं देवी अहिल्या विद्यापीठ. ‘देवी अहिल्याचं बीकॉम’ म्हटलं की ते खंडवा रोडवरच्या तक्षशिला परिसरातलं, विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागातलं असू शकतं किंवा शहरातल्या एखाद्या संलग्न कॉलेजातलं. विभागांतल्या बऱ्याच अभ्यासक्रमांना सीयूईटी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. संलग्न कॉलेजांचे प्रवेश राज्याच्या ई-प्रवेश पोर्टलवरून होतात. इंजिनिअरिंगची तऱ्हा आणखी वेगळी. आयईटी हा देवी अहिल्याचाच इंजिनिअरिंगचा विभाग. पार्क रोडचं एसजीएसआयटीएस हे इंजिनिअरिंग कॉलेज स्वायत्त (अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतःच्या), पण भोपाळच्या राजीव गांधी विद्यापीठाशी संलग्न. आणि खासगी विद्यापीठांची पदवी त्यांची स्वतःची. जमलं तर एखाद्या माजी विद्यार्थ्याची गुणपत्रिका बघून घ्या.

मे-जूनमध्ये जाऊ नका. तेव्हा वर्ग रिकामे असतात आणि भेटतो तो फक्त प्रवेशाचा काउंटर. बारावीच्या वर्षातच, सप्टेंबरमध्ये किंवा जानेवारीत, मंगळवार ते गुरुवारातला एखादा दिवस धरा आणि अकराच्या सुमाराला पोहोचा.

इमारत, लॉन, ऑडिटोरियम दाखवायला माणूस पुढे येईलच. तुम्ही विभागात जा. नोटीस बोर्डावरचं वेळापत्रक वाचा आणि त्या घटकेला जो तास लिहिलाय तो खरोखर चालू आहे का, ते बघा. प्रयोगशाळेत यंत्राशेजारी लॉगबुक असतं; त्यातली शेवटची नोंद कधीची आहे? महिनोन् महिने नोंद नसेल तर यंत्र बंद तरी आहे, नाहीतर विद्यार्थ्यांना हात लावू देत नाहीत. एका प्रयोगाला किती जण उभे राहतात तेही मोजा: चारपेक्षा जास्त असले तर दोघं करतात आणि बाकीचे उतरवून घेतात. ग्रंथालयात आपल्या विषयाची पाच पुस्तकं उघडा आणि तारखांच्या चिठ्ठीवरचे शिक्के पाहा. (संगणकावर नोंद होत असेल तर काउंटरवर विचारा.)

माहिती पहिल्या वर्षाच्या मुलांकडून घेऊ नका, त्यांनी अजून फारसं काही पाहिलेलं नसतं. तिसऱ्या वर्षाच्यांना कँटीनमध्ये गाठा आणि विचारा, निकाल वेळेवर लागतो का, कुठल्या विषयाला शिक्षकच नव्हता?

प्लेसमेंटचा सर्वांत मोठा आकडा एकाच विद्यार्थ्याचा असतो, त्यावर निर्णय घेऊ नका. शाखेनुसार पात्र किती होते, नोकरी किती जणांना लागली आणि मधला पगार (सगळे पगार क्रमाने लावले की मधोमध येणारा) किती, हे विचारा. एकाच मुलाला तीन ऑफर आल्या तर त्या तीन म्हणून मोजल्या आहेत का, हेही.

अंतराकडे घरचे हमखास दुर्लक्ष करतात. बरीच खासगी कॉलेजं बायपास, राऊ, सांवेर रोडकडे आहेत. रामबागेतून किंवा लोकमान्य नगरातून निघायचं असेल तर सकाळच्या कॉलेजच्या वेळेलाच एकदा जाऊन बघा. परतीची बस पाचला सुटत असेल, तर रात्री आठपर्यंत उघड्या असलेल्या ग्रंथालयाचा तुमच्या मुलीला काहीच उपयोग नाही.

इंजिनिअरिंगसाठी कागद दोन बघायचे. तंत्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या एआयसीटीईचं चालू वर्षाचं मान्यतापत्र, त्यात शाखेनुसार मंजूर जागा असतात. आणि एनबीए, म्हणजे दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं मानांकन: ते अख्ख्या कॉलेजला नसतं, एकेका शाखेला असतं, तेही ठरावीक मुदतीचं. फीचा आकडा चारही वर्षांचा, बस, परीक्षा आणि अनामत धरून लेखी मागा आणि प्रवेश व शुल्क विनियामक समितीने त्या कॉलेजला ठरवून दिलेल्या फीशी ताडून बघा. मूळ गुणपत्रिका मात्र ठेवून येऊ नका. यूजीसीच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार ती पडताळून लगेच परत द्यायची असते.