गर्दीच्या नदीवर मासे गरवताना: कुठे उभे राहावे आणि कधी बाजूला व्हावे

एखाद्या नदीत मासे हमखास लागतात असा बोलबाला झाला, की काठावरची माणसे वाढतात आणि पाणी मात्र पूर्वी होते तेवढेच राहते. अलास्कातील रशियन नदी जिथे केनाई नदीला मिळते, तिथे उन्हाळ्यात सॉकाय जातीचे साल्मन समुद्रातून वर चढू लागले, की गळ टाकणारे अक्षरशः खांद्याला खांदा लावून उभे राहतात. एवढी दाटी सगळीकडे नसते. पण सुटीच्या दिवशी प्रत्येक डोहापाशी दोघे-तिघे आधीच उभे आहेत, हे चित्र अनेक नावाजलेल्या नद्यांवर नेहमीचे झाले आहे. अशा ठिकाणी वाद होतात ते बहुधा जागेवरून, आणि मग नव्याने येणाऱ्याने दुसऱ्यापासून किती फूट दूर उभे राहावे, असा प्रश्न विचारला जातो. या प्रश्नाला आकड्यात उत्तर नाही. एखाद्यापासून दहा पावलांवर उभे राहूनही त्याचे काहीच बिघडत नाही, आणि शंभर पावलांवर उभे राहून त्याची सगळी सकाळ वाया घालवता येते. पाहायचे असते ते त्याचे पाणी: त्याचा गळ आता कुठे फिरत आहे, आणि पुढच्या अर्ध्या तासात कुठे जाणार आहे.

आधी काठावरून पाहावे

नदीवर पोहोचताच पाण्यात उतरू नये. काठापासून थोडे मागे, सावली पाण्यावर पडणार नाही अशा ठिकाणी, पाच-दहा मिनिटे थांबावे आणि आधीपासून असलेली माणसे कोणत्या दिशेने सरकत आहेत ते पाहावे. साल्मनसाठी कृत्रिम माशी, म्हणजे गळावर पिसे-दोरे गुंडाळून केलेले किड्यासारखे आमिष, वापरणारा माणूस दोरी प्रवाहाला आडवी, किंचित खालच्या अंगाला टाकतो. प्रवाह दोरीला मध्यभागी ओढतो, दोरीला पोट सुटते, आणि तिच्या टोकाची माशी मोठी कमान घेत त्याच्याच काठाकडे वळत येते. तिथे तो तिला क्षणभर लोंबकळू देतो, हातभर दोरी आत घेतो, एक-दोन पावले खाली सरकतो आणि पुन्हा टाकतो. पाहणाऱ्याला हा माणूस एकाच जागी उभा आहे असे वाटते. प्रत्यक्षात तो डोहाच्या माथ्यापासून शेपटापर्यंतचे, म्हणजे वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचे, सगळे पाणी पावलापावलाने चाळत असतो. त्याच्या खाली पन्नास पावलांवर रिकामे दिसणारे पाणी त्याचेच असते, कारण तासभर तो त्याच पाण्याकडे निघालेला असतो. तिथे जाऊन उभे राहणे हा गर्दीच्या नदीवरचा सर्वांत मोठा आणि सर्वांत वारंवार होणारा अपराध आहे.

अशा डोहात उतरायचे असेल तर वरून उतरावे, म्हणजे पुढच्या माणसाच्या मागे, आणि तो पुरेसा खाली सरकल्यावर. कॅनडातील मिरामिचीसारख्या साल्मन नद्यांच्या सार्वजनिक डोहांवर हीच फिरती रांग चालते: डोहाच्या माथ्यापासून सुरुवात करायची, प्रत्येक फेकीनंतर पाऊल पुढे टाकायचे, शेपटाशी पोहोचल्यावर पाण्याबाहेर यायचे आणि पुन्हा गळ टाकायचा असल्यास वर जाऊन रांगेत शेवटी उभे राहायचे. या रीतीत संथ माणूस सगळ्यांना अडवून धरतो, म्हणून मागे कोणी असताना एकाच जागेवर दहा-दहा वेळा गळ टाकत राहू नये. मासा दिसला आणि त्याच्यावरच वेळ घालवायचा असेल, तर मागच्याला पुढे जाऊ द्यावे.

पृष्ठभागावर तरंगणारी माशी वापरून ट्राउट गरवणाऱ्याचे गणित उलटे असते. मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, त्यामुळे त्याच्या मागून जाणे सोयीचे पडते आणि असा माणूस खालून वर सरकत असतो. त्याचे पाणी त्याच्या वरच्या अंगाला असते. त्याला वळसा घालून वरच्या वळणावर उतरणे म्हणजे त्याच्या पुढ्यातले ताट ओढण्यासारखे आहे. शिवाय वर चालणाऱ्याने ढवळलेला गाळ खाली वाहत येतो, आणि माशांना तो लगेच कळतो. खरोखरच पुढे जायचे असेल तर पाण्यापासून दूर, काठ सोडून चालावे आणि निदान एक-दोन वळणे मध्ये टाकावीत.

फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, लावून किंवा तळाशी आमिष टाकून बसणारा मात्र खरोखरच एका जागी असतो. त्याच्या बाबतीत फ्लोट वाहत कुठपर्यंत जातो तेवढे पाहिले की पुरे. ती रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंचे थोडे पाणी सोडून उभे राहावे.

या तिन्हींपैकी नेमके काय चालले आहे ते कळले नाही, तर विचारावे. हा सल्ला इतका साधा आहे की तो लिहिण्याची गरज वाटू नये. तरीही बरीच माणसे शेजारच्याकडे न पाहता पाण्यात उतरतात आणि नंतर नजर टाळत राहतात. काठावरून, हळू आवाजात, “आपण वर सरकत आहात की खाली? मी तिकडे उतरलो तर चालेल का?” एवढे विचारले तरी पुरते, आणि समोरचा स्वतःहून जागा दाखवतो असा अनुभव बहुतेकांना येतो. त्याने नको म्हटले तर मात्र हुज्जत न घालता पुढे जावे. एखादा माणूस गळ बाजूला ठेवून काठावर नुसता बसलेला असेल, तर डोह मोकळा आहे असे गृहीत धरू नये. बिथरलेल्या माशांना शांत होऊ देण्यासाठी जाणकार मुद्दाम असे बसतात.

पाण्यात पाऊल टाकताना

पाण्यातून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे जग साधारण ९७ अंशांच्या शंकूतून दिसते. त्यापलीकडे पाण्याचा पृष्ठभाग त्याला आतून आरशासारखा भासतो. क्षितिजालगतच्या वस्तू त्या वर्तुळाच्या कडेला चेपून अंधूक दिसतात, पण उंच काठावर ताठ उभा असलेला माणूस स्पष्ट दिसतो. त्यातच माशाच्या दोन्ही अंगांवरची पार्श्वरेषा पाण्यातली लहानशी हालचालही टिपते. म्हणूनच काठावर धावणारा, दगडांवर बूट आपटणारा किंवा दुसऱ्याच्या समोरून नदी ओलांडणारा माणूस एकाही फेकीशिवाय सगळ्यांचे पाणी बिघडवतो. ओलांडायचेच असेल तर कोणी गळ टाकत नसेल अशा उथळ खळाळावरून, सावकाश ओलांडावे. गुडघाभर पाण्यात शिरण्यापूर्वी त्या गुडघाभर पाण्याकडेही एकदा पाहावे. काठालगतच्या उथळ पट्ट्यात मासे असतात, आणि बहुतेक लोक त्यांच्यावरूनच चालत जाऊन पलीकडे गळ टाकतात.

साल्मन आणि ट्राउट यांच्या विणीच्या काळात आणखी एक काळजी घ्यावी लागते. मादी शेपटीने खडी उकरून तिच्यात अंडी घालते आणि वरून खडी लोटते. आजूबाजूच्या शेवाळलेल्या तळापेक्षा हा भाग स्वच्छ आणि फिकट दिसतो, आणि अंडी तिथे कित्येक आठवडे असतात. अशा पट्ट्यावर पाय देऊ नये, आणि त्यावर उभ्या असलेल्या माशांना गळही टाकू नये.

खांद्याला खांदा लागतो तेव्हा

दाटी इतकी असेल की वेगळे पाणी उरतच नाही, तर शेजाऱ्यांच्या तालात गळ टाकणे एवढाच उपाय असतो. सगळ्यांनी साधारण सारखेच वजन लावावे, एकामागून एक त्याच कोनात टाकावे आणि दोरी खालच्या अंगाला पोहोचली की आत घ्यावी. एकाने हलके वजन लावून लांब तरंगू दिले, तर त्याची दोरी खालच्या चार जणांच्या दोऱ्यांत अडकते. दोऱ्या गुंतल्याच तर दोघांनीही ओढणे थांबवावे, एकाने ढील द्यावी आणि दुसऱ्याने गुंता काठावर आणून सोडवावा. कापावी लागलीच तर आपली कापावी. विचारल्याशिवाय दुसऱ्याची दोरी कापू नये.

मासा लागला की मोठ्याने तसे सांगावे. ते ऐकून खालच्या अंगाच्या लोकांनी आपापल्या दोऱ्या आत घ्याव्यात आणि वाट द्यावी. या सौजन्याची परतफेड म्हणजे मासा लवकर बाहेर घेणे. बारीक दोरीवर मोठा मासा वीस मिनिटे खेळवत ठेवणे एकांतात एकवेळ चालेल, गर्दीत नाही. पुरेशी जाड दोरी लावावी, काठाकडे मागे सरकावे आणि मासा शांत पाण्यात आणावा. अलास्काच्या गोड्या पाण्यात तोंडाऐवजी पाठीला किंवा पोटाला गळ अडकलेला मासा ताबडतोब सोडावा लागतो. नदीचा असा नियम नसला तरी तसेच करणे योग्य आहे.

जागा मित्रासाठी अडवून ठेवू नये, आणि काठावर ठेवलेली पिशवी म्हणजे आरक्षण नव्हे. चार-पाच जण मिळून आले असतील तर त्यांनी एकाच डोहावर तुटून पडण्याऐवजी विखुरावे. चांगल्या जागेवर काही मासे मिळाले की ती सोडून देणे, ही कोणत्याही नियमपुस्तकात नसलेली पण सर्वांना लक्षात राहणारी रीत आहे.

नावेतून येणाऱ्यांनी उभ्या माणसाच्या मागून जाता येत असेल तर मागून, नाहीतर दूरच्या काठाने, वल्ही शक्य तितकी उचलून शांतपणे जावे. त्याच्या पुढ्यात नांगर टाकू नये. नाव पाण्यात उतरवण्याच्या उतारावर सामान जुळवत बसू नये. ते काम बाजूला करून मगच उतारावर यावे.

गर्दीचा भार मासाही वाहतो

गाजलेल्या नदीवर मासा पकडून सोडण्याची पद्धत असेल, तर एकच मासा एका हंगामात अनेकांच्या गळाला लागू शकतो, आणि प्रत्येकाला त्याचे छायाचित्र हवे असते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रेनबो ट्राउटना दमेपर्यंत पळवून नंतर काहींना पाण्याबाहेर धरण्यात आले. नुसते दमवलेल्यांपैकी सुमारे १२ टक्के मासे मेले, ३० सेकंद बाहेर धरलेल्यांपैकी ३८ टक्के, आणि ६० सेकंद धरलेल्यांपैकी ७२ टक्के. प्रयोगशाळेतले दमवणे आणि नदीवरचे खेळवणे तंतोतंत सारखे नाही, पण कल स्पष्ट आहे. हात ओले करावेत, गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाकावा, मासा हातजाळीत पाण्याखालीच ठेवून गळ काढावा, आणि छायाचित्र घ्यायचेच असेल तर कॅमेरा तयार झाल्यावर क्षणभरच उचलावा.

पाणी तापले की त्यातला विरघळलेला प्राणवायू कमी होतो. ट्राउटच्या नदीत पाणी २० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की थांबलेले बरे. मोंटाना राज्यात पाण्याचे तापमान सलग तीन दिवस ७३ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २३ अंश सेल्सिअस, गाठते तेव्हा दुपारी २ पासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद ठेवली जाऊ शकते. याचा एक लाभही आहे: पहाटे येणाऱ्याला थंड पाणी मिळते आणि गर्दीही कमी मिळते.

एकाच बुटांनी नदीमागून नदी फिरणारे लोक बरोबर काय नेतात, हे न्यूझीलंडला चांगलेच समजले. २००४ साली तिथे डिडिमो नावाचे, तळावर ओल्या लोकरीसारखे पसरणारे शैवाल आढळले, आणि २००८ साली ओल धरून ठेवणाऱ्या नमद्याच्या तळव्यांच्या बुटांवर बंदी आली. नदी बदलण्यापूर्वी बूट, वेडर (पाण्यात उतरताना घालायची जलरोधक विजार) आणि जाळी धुवावी, पूर्ण वाळवावी आणि वाळल्यानंतरही ४८ तास तशीच ठेवावी. तुटलेली दोरी खिशात घालून परत न्यावी, कारण नायलॉन वर्षानुवर्षे टिकते आणि पक्ष्यांच्या पायांत अडकते. हंसांना होणाऱ्या शिसेबाधेमुळे इंग्लंडमध्ये १९८७ पासून शिशाच्या लहान वजनांवर बंदी आहे. जिथे ती नाही तिथेही दुसऱ्या धातूची वजने मिळतात.

गर्दी टाळता आली तर

वाहनतळापासून वीस मिनिटे चालण्याची तयारी ठेवली तर माणसे भराभर विरळ होतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे, आणि नावाजलेल्या डोहाऐवजी त्याच्या वरखाली असलेले साधे, दगडाळ पाणी शिकून घ्यावे. मासा मिळाल्याचा आनंद समाजमाध्यमांवर सांगायला हरकत नाही. ओळखू येणारा पूल, वळण किंवा स्थाननोंद मात्र छायाचित्रातून वगळावी. लहान ओढ्याचे नाव एकदा फिरले की पुढच्या सुटीला तिथे वाहने लावायला जागा उरत नाही. ज्याच्या शेतातून वाट जाते त्याचे फाटक जसे सापडले तसेच ठेवावे, उघडे असेल तर उघडे, बंद असेल तर बंद. फाटकासमोर वाहन लावल्यामुळे कायमच्या बंद झालेल्या वाटा थोड्या नाहीत.

दुसरा चुकत असेल तर

आपल्या खाली कोणी येऊन उभा राहिला, तर पहिल्यांदा त्याला ठाऊक नसावे असे मानून बोलावे: “मी खाली सरकत येत आहे, आपण माझ्या मागून वरून सुरुवात केलीत तर दोघांनाही पाणी मिळेल.” कारण सांगितले की पुष्कळ लोक ऐकतात. न ऐकणाऱ्याच्या दोरीवरून मुद्दाम दोरी टाकणे किंवा त्याच्या पुढ्यात दगड फेकणे यातून मासा कोणालाच मिळत नाही. निघून दुसरे पाणी शोधावे, कितीही राग आला तरी. उद्धटपणा आणि नियमभंग यांत मात्र फरक करावा. परवान्याशिवाय मासेमारी, बंद काळात टाकलेली जाळी किंवा मर्यादेपेक्षा जास्त मासे दिसले तर स्वतः जाब विचारायला जाऊ नये. वेळ, ठिकाण, माणसांची संख्या आणि शक्य असल्यास वाहनाचा क्रमांक नोंदवावा आणि संबंधित मत्स्य अधिकाऱ्यांना कळवावे. त्यासाठीचा दूरध्वनी क्रमांक घरून निघतानाच लिहून घ्यावा, कारण नदीच्या खोऱ्यात इंटरनेट मिळेलच असे नाही.