व्हायोलिन बासच्या नकलेचा सूर असा जुळवला

हॉफनर ५००/१ या व्हायोलिनच्या आकाराच्या बास गिटारच्या धर्तीची स्वस्त नक्कल. मोकळी तार सुरात, बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची पट्टी) दाबली की मात्र चढी. या घडणीत लाकडी ब्रिज (तारांखालचा आधार) चिकटवलेला नसतो, निव्वळ तारांच्या दाबावर उभा असतो; सगळ्या तारा एकदम काढल्या की सरकलाच.

नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ते बारावा फ्रेट मोजलं: ३८१ मिमी. तारा सैल करून तिथून पुढे तेवढ्याच अंतरावर, किंचित जास्तच, ब्रिजची ‘जी’ (सर्वांत बारीक) तारेकडची बाजू ठेवली. ‘ई’ (सर्वांत जाड) तारेकडची आणखी ३-४ मिमी मागे. मग ट्यूनरवर बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ताडला. दाबलेला चढा तर ब्रिज टेलपीसकडे (तारा अडकवलेल्या मागच्या टोकाकडे), उतरलेला तर नटकडे. जागा सापडताच पायांभोवती मास्किंग टेपची खूण.

पहिल्या फ्रेटवरच सूर चढत असेल, तर नटच्या खाचा उथळ आहेत. तिथे ब्रिज सरकवून काही होत नाही, बारीक कानस लागते.