पद्मिनीच्या स्टिअरिंगचा प्ले: टाय रॉड एंड घरी कसे बदलावेत

चाळीसच्या वेगात स्टिअरिंग दोन बोटं डावी-उजवीकडे हललं आणि गाडीला त्याचा पत्ताच लागला नाही, तर खालचे जोड झिजलेत असं समजा. या ढिलेपणालाच प्ले म्हणतात. पद्मिनी चालवणाऱ्यांना याची इतकी सवय होते की हात आपोआप ते सांभाळून घेतात. 'जुनी गाडी, एवढं चालायचंच' असं म्हणत वर्षानुवर्षं तशीच चालवणारे मी पाहिलेत. मला ते पटत नाही. जोड चांगल्या अवस्थेत असतील तर ही गाडी आजही सरळ आणि विश्वासाने चालते.

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये फियाट ११०० म्हणून सुरू झालेली ही गाडी १९७४ पासून पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदवली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असते, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून हद्दपार झाली. तिच्याबरोबर तिला डोळे मिटून खोलणारे मिस्त्रीही कमी होत चालले आहेत. म्हणून ज्यांच्या दारात ही गाडी अजून उभी आहे, त्यांनी निदान टाय रॉडचं, म्हणजे स्टिअरिंगचं वळण चाकांपर्यंत नेणाऱ्या रॉडचं आणि त्याच्या टोकांच्या बॉलच्या जोडांचं (टाय रॉड एंड) काम स्वतः शिकून घ्यावं. एका रविवारी होण्यासारखं काम आहे. घाई मात्र नको.

आधी प्ले नक्की कुठे आहे ते शोधा

अर्धं काम इथेच आहे, आणि हेच सगळ्यात जास्त चुकतं. स्टिअरिंग ढिलं लागलं की पहिला संशय स्टिअरिंग बॉक्सवर, म्हणजे स्टिअरिंगच्या खालच्या टोकाच्या गिअरच्या पेटीवर जातो, कारण त्यावर आवळायचा स्क्रू समोरच दिसतो. आमच्या १९८५ च्या गाडीला एका गॅरेजात हाच स्क्रू आवळून दिला होता. सरळ रस्त्यावर छान वाटलं, पण पहिल्याच घाटात वळण घेतल्यावर स्टिअरिंग माघारी येईना, ओढून सरळ करावं लागलं. कारण साधं आहे. बॉक्सचा वर्म, म्हणजे आतला स्क्रूसारखा गिअर, मधोमध जास्त झिजतो, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. मधला ढिलेपणा जावा म्हणून स्क्रू आवळला की टोकाला, जिथे झीज नाही, तिथे तो जाम होतो. बॉक्सला हात सगळ्यात शेवटी लावायचा.

गाडी जमिनीवरच असू द्या, जॅक लावू नका. वजन चाकांवर असतानाच जोड खरा प्ले दाखवतात. घरातल्या कुणाला तरी आत बसवून स्टिअरिंग थोडं थोडं, भराभर डावी-उजवीकडे हलवायला सांगा. तुम्ही खाली टॉर्च घेऊन बघा. बॉक्समधून निघणाऱ्या ड्रॉप आर्मपासून सुरुवात करा, मग मधला लांब रॉड, त्या रॉडला पलीकडून आधार देणारा आयडलर आर्म, मग दोन्ही बाजूंचे टाय रॉड. प्रत्येक जोडावर अंगठा असा ठेवा की अर्धा एका भागावर, अर्धा दुसऱ्यावर येईल. डोळ्यांना न दिसणारा प्ले अंगठ्याला कळतो. एक भाग हलतो आणि दुसरा किंचित उशिरा, बारीक टिक् करून हलतो, तो जोड गेला. खडूने खूण करा आणि पुढे जा. सहसा एकच जोड पूर्ण गेलेला नसतो. चार-पाच जोडांत थोडा थोडा प्ले असतो आणि तो सगळा बेरजेने स्टिअरिंगवर येतो.

आयडलर आर्मकडे खास लक्ष द्या. मधला रॉड हाताने धरून वर-खाली हलवा. आर्म बुशात (आर्म ज्यात फिरतो त्या गोल बाहीत) वर-खाली नाचत असेल तर नवे टाय रॉड एंड टाकूनही गाडी खड्ड्यात भरकटणार, कारण प्रत्येक उडीला टो, म्हणजे पुढची चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते, बदलत राहणार.

आता पुढचं एक चाक जॅकवर घ्या. चाक तीन आणि नऊच्या ठिकाणी धरून हलवलं की मुख्यतः टाय रॉडचा प्ले कळतो. बारा आणि सहाच्या ठिकाणी धरून हलवलं तर बेअरिंग किंवा किंग पिन (ज्या उभ्या पिनवर चाक डावी-उजवीकडे वळतं ती). या दोघांतलं कोण, ते ओळखायला आतल्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा आणि पुन्हा हलवा. प्ले गायब झाला तर बेअरिंग ढिली आहे, तसाच राहिला तर किंग पिन. किंग पिनचे बुश बसवल्यावर त्यांना रीमर (भोक अचूक मापाला आणणारं हत्यार) मारावा लागतो. ते काम चांगल्या वर्कशॉपचं आहे, घरी करायचं नाही.

सामान

पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत ऑपेरा हाऊसच्या आसपास जुन्या गाड्यांचं सामान अजून मिळतं. जुना जोड खोलून सोबत न्यायची सोय नसेल तर फोटो आणि मापं न्या. दुकानातच तीन गोष्टी तपासा: आटे सरळ आहेत की उलटे, कारण टाय रॉडच्या एका टोकाला सरळ आणि दुसऱ्याला उलटे आटे असतात; बॉलच्या दांड्याचा निमुळता भाग जुन्यासारखाच आहे का; आणि रबरी बूट लवचिक आहे का. वर्षानुवर्षं शेल्फवर पडलेल्या मालाचं रबर कोरडं होऊन तडकलेलं असतं. ग्रीस निप्पल असलेला जोड मिळाला तर तोच घ्या. आणि जोड नेहमी जोडीने बदला, डावा नवा आणि उजवा जुना असं नको.

बाकी रिंग पाने, पकड, लोखंडी ब्रश, दोन हातोडे, बॉल जॉइंट पुलर (अडकलेला जोड ओढून सोडवणारं हत्यार), ग्रीस गन, टेप, ओळंबा, खडू. नवे स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून त्यातून घालायच्या दुटोकी पिना) डबीभर आणा, स्वस्त असतात.

खोलणं

आदल्या रात्री सगळ्या नटांवर आणि आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर घ्या, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. जॅकने उचलल्यावर लगेच पक्क्या जागी घोडी (गाडीचं वजन पेलणारा लोखंडी स्टँड) लावा आणि वजन घोडीवर उतरवा. विटांवर गाडी ठेवून खाली शिरू नका. वीट सूचना न देता एकदम फुटते. मिस्त्री ठेवतात म्हणून आपण ठेवायचं नाही.

चाक काढलंत की काहीही सोडवण्याआधी मोजून घ्या. टाय रॉडच्या दोन्ही बॉलच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर टेपने घ्या आणि भिंतीवर खडूने लिहा. जोड टाय रॉडच्या नळीत जिथे शिरतो तिथे रंगाची रेघ मारा. जुन्या मापावर परत जाता आलं नाही तर गाडी अलाइनमेंटवाल्यापर्यंतसुद्धा धड पोचणार नाही.

आता स्प्लिट पिन. चाळीस वर्षं चिखल खाऊन तो नटाच्या खाचेत विरघळल्यासारखा होतो. आधी ब्रशने खाच पूर्ण उघडी करा, मग पिनची टोकं सरळ करून डोकं पकडीने धरा आणि गोल फिरवत बाहेर काढा. डोकं तुटलं तर बारीक पंचने मागून ठोका. पिन न काढता नटावर पाना लावून जोर केलात तर दांड्याचे आटे जातात.

पिन निघाली की नट सोडवा, पण पूर्ण काढू नका. चार-पाच आटे अडकलेले राहू द्या. निमुळता दांडा आर्मच्या भोकात इतका घट्ट बसलेला असतो की सुटताना बंदुकीसारखा आवाज होतो, आणि नट नसेल तर पुलर नि रॉड दोन्ही अंगावर येतात. पुलर लावून आवळत जा. पुरेसा ताण आला की थांबा आणि ज्या आर्मच्या भोकात दांडा अडकलाय, त्या आर्मच्या बाजूला हातोड्याचा एक नीट ठोका द्या. बहुतेक वेळा तिथेच 'ठक्' होऊन सुटतो. पुलर नसेल तर आर्मच्या एका बाजूला एक जड हातोडा टेकवून धरा आणि समोरच्या बाजूला दुसऱ्याने ठोका. भोक क्षणभर लंबगोल होतं आणि पकड सुटते. दांड्याच्या टोकावर मात्र ठोकू नका. टोक फुगतं आणि जोड काढल्यावरही भोकातून निघत नाही.

गॅसची ज्योत लावू नका. आर्म तापवला तर लोखंडाची ताकद जाते. स्टिअरिंगच्या कुठल्याही भागावर वेल्डिंग करून ढिलेपणा 'भरून' देतो असं कुणी सांगितलं तर त्याच्याकडून गाडी परत आणा.

दांडा सुटला की क्लॅम्पचा (नळी जोडावर आवळणाऱ्या पट्टीचा) बोल्ट ढिला करा आणि जोड नळीतून फिरवून काढा. फेऱ्या मोजा आणि तो आकडाही भिंतीवर लिहा. उलट्या आट्यांचा जोड घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटतो. इथे गडबडून लोक सोडवायच्या नादात आवळत बसतात.

बसवणं

नळीचे आटे ब्रशने स्वच्छ करा, आत थोडं ग्रीस लावा. नळीची चीर पसरली असेल किंवा क्लॅम्प वाकला असेल तर तेही बदला. नवा जोड तितक्याच फेऱ्यांनी आत घ्या आणि मध्यापासून मध्यापर्यंत पुन्हा मोजा, कारण नव्या जोडाची लांबी एखाद-दोन मिलिमीटर वेगळी असू शकते. अंतिम शब्द टेपचा, फेऱ्यांचा नाही.

आर्मचं भोक आणि निमुळता दांडा कोरड्या फडक्याने लख्ख पुसा. इथे ग्रीस लावायचं नाही. हा जोड घर्षणावरच धरतो आणि तेलकट असला तर दांडा नटाबरोबर फिरत राहतो. फिरलाच तर जोडाखाली लाकडी ठोकळा देऊन छोट्या जॅकने वर दाबून धरा, मग नट आवळा. टॉर्क पाना असेल तर मॅन्युअलप्रमाणे आवळा. पिनचं भोक खाचेशी जुळलं नाही तर नट थोडा पुढे आवळून जुळवा. जुळवण्यासाठी मागे कधीही सोडवायचा नाही. नवी स्प्लिट पिन घाला, एक टोक दांड्यावर आणि एक नटाच्या बाजूला वळवा. जुनी पिन परत वापरायची नाही, कितीही धड दिसली तरी.

क्लॅम्प आवळण्याआधी दोन्ही टोकांचे जोड एकाच पातळीत आणा, म्हणजे रॉड हाताने दोन्हीकडे सारखा डुलेल. क्लॅम्पचा बोल्ट वळताना कशाला घासणार नाही अशा बाजूला ठेवा. मग ग्रीस भरा. बूट किंचित फुगला की थांबा, फाटेपर्यंत भरायचं नाही.

टो बघणं

अलाइनमेंट दुकानात करूनच घ्यायची आहे, पण तिथवर नीट पोचायला घरी एवढं करा. गाडी जमिनीवर घ्या, चाकांत हवा सारखी करा, स्टिअरिंग मधोमध ठेवा आणि गाडी एक-दोन मीटर पुढे ढकला, म्हणजे जोड आपापल्या जागी बसतील. दोन्ही पुढच्या टायरच्या पुढच्या बाजूला, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, खडूची बारीक खूण करा. खुणेपासून ओळंबा सोडून जमिनीवर ठिपका मारा आणि दोन ठिपक्यांतलं अंतर मोजा. आता गाडी पुढे ढकला, त्याच खुणा मागे त्याच उंचीवर येईपर्यंत, आणि पुन्हा ओळंबा, पुन्हा ठिपके. तीच खूण पुढे-मागे वापरल्यामुळे रिम थोडी वाकडी असली तरी फरक पडत नाही. बंपर आणि चासीही मध्ये येत नाहीत.

पुढचं अंतर मागच्यापेक्षा एक-दोन मिलिमीटर कमी आलं तर दुकानापर्यंत जायला पुरेसं आहे. नेमका आकडा मॅन्युअलमधला घ्या. फरक असेल तर दोन्ही रॉड सारखेच, पाव-पाव फेरी फिरवून पुन्हा मोजा. एकाच बाजूला फिरवलं तर टो येईल, पण स्टिअरिंग तिरकं बसेल. शेवटी क्लॅम्प आवळायला विसरू नका.

चाकं पुन्हा उचलून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. कुठे अडतंय का, ब्रेकचा पाइप कुठे ताणतोय का, ते बघा. मग गल्लीत हळू एक चक्कर, मग मोकळा रस्ता. स्टिअरिंग इतकं चटकन ऐकायला लागतं की पहिली दहा मिनिटं आपणच जास्त वळवतो. हात सरावेपर्यंत वेग कमी ठेवा.

पन्नास-शंभर किलोमीटर झाले की पुन्हा खाली जा. प्रत्येक नटाला पाना लावून बघा, प्रत्येक पिन जागेवर आहे का बघा, क्लॅम्प तपासा. निप्पलचे जोड असतील तर दर दोन-अडीच हजार किलोमीटरला ग्रीस भरा, आणि पावसाळा संपला की एकदा जास्तीचं. जुनं, काळं, पाणी मिसळलेलं ग्रीस बुटाच्या कडेने बाहेर येऊन मागून स्वच्छ ग्रीस दिसायला लागलं की तो जोड झाला. फडक्याने पुसून पुढच्या निप्पलकडे जा.