पीएचपीमध्ये प्रॉपर्टी आधी जाहीर करा, मग वापरा

पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेतल्या एखाद्या क्लासमध्ये (ऑब्जेक्टच्या साच्यात) ‘ईमेल’ नावाची प्रॉपर्टी, म्हणजे माहिती ठेवायची जागा, आहे आणि त्याच्या एखाद्या मेथडमध्ये (फंक्शनमध्ये) घाईघाईत ‘ईमील’ टाइप झालं, तर जुनं पीएचपी चकार शब्द काढत नसे. नवी प्रॉपर्टी गुपचूप तयार व्हायची आणि खरी रिकामीच राहायची. असा बग शोधताना अक्षरशः घाम फुटतो. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ८.२ आवृत्तीपासून अशा डायनॅमिक, म्हणजे आधी जाहीर न केलेल्या, प्रॉपर्टीवर डेप्रिकेशनची (‘ही पद्धत आता टाळा’ अशी) सूचना येते. ती दाबून टाकू नका. बऱ्याचदा ती नेमकी अशीच चूक दाखवत असते.

प्रत्येक प्रॉपर्टी क्लासच्या सुरुवातीलाच टाइपसकट (त्यात कोणत्या प्रकारची माहिती येणार ते सांगून) लिहा. ही सोय ७.४ पासून आहे. एक मात्र सांभाळा: टाइप दिला, पण सुरुवातीची किंमत दिली नाही, तर ती प्रॉपर्टी ‘नल’ (मुद्दाम दिलेली ‘काही नाही’ ही किंमत) नसते, अनइनिशियलाइज्ड, म्हणजे किंमतच न भरलेली, असते. किंमत भरण्याआधी वाचायला गेलात की थेट एरर येते. टाइपला प्रश्नचिन्ह लावून तो नलेबल (‘नल’ चालणारा) केला, तरीही हेच. ‘नल’ हवं असेल तर प्रॉपर्टीपुढे ‘= null’ असं स्वतः लिहावं लागतं.

सगळ्या किमती कन्स्ट्रक्टरमधूनच (ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या मेथडमधूनच) येत असतील, तर ८.० मधलं कन्स्ट्रक्टर प्रमोशन वापरा. पॅरामीटरच्या आधी ‘प्रायव्हेट’ किंवा ‘पब्लिक’ लिहिलं की प्रॉपर्टी जाहीर होते आणि किंमतही भरली जाते.

पॅरेंट क्लासमधली प्रॉपर्टी प्रायव्हेट (फक्त त्याच क्लासला दिसणारी) असेल आणि त्यावरून बनवलेल्या चाइल्ड क्लासमधून तिच्यात किंमत भरायला गेलात, तरीही वेगळी डायनॅमिक प्रॉपर्टीच बनते. तिथे ती ‘प्रोटेक्टेड’ (चाइल्डलाही वापरता येईल अशी) करायची का, ते विचारपूर्वक ठरवा. डायनॅमिक प्रॉपर्टीला परवानगी देणारं ‘अलाउ डायनॅमिक प्रॉपर्टीज’ हे अ‍ॅट्रिब्यूट (क्लासवर लावायची खूण) जुन्या कोडला तात्पुरता आधार म्हणून ठीक आहे. नव्या क्लासवर ते लावू नका.